एकर, ब्रास आणि टीएमसी : एका मापातून दुसऱ्या मापात जाताना

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर वाचतो, बांधावर उभा राहून एकर आणि गुंठ्यांत बोलतो, बोअरची खोली फुटांत सांगतो, ठिबकची नळी मिलिमीटरमध्ये विकत घेतो, सोयाबीन क्विंटलने विकतो आणि उजनी धरणात किती पाणी आले हे टीएमसीमध्ये विचारतो. शहरातल्या टॉवेल कारखानदाराचेही तसेच आहे: सूत काउंटने, कापडाची रुंदी इंचांत आणि वजन ग्रॅममध्ये. दशमान म्हणजे मेट्रिक पद्धत आणि इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली फूट-पौंडाची पद्धत अशा दोन पद्धती आपण एकाच दिवसात, बहुतेक वेळा एकाच वाक्यात वापरतो. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चुकीची नाही. चूक होते ती एका पद्धतीतला आकडा दुसरीत नेताना, आणि ज्यांचा गुणाकार पक्का आहे अशा माणसांच्या हातूनही होते, कारण आकडा पुढे जातो आणि त्याचे एकक मागे राहते.

हा दुहेरी व्यवहार आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजने आणि मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला. शेर आणि मण तराजूवरून बऱ्याच अंशी गेले, परंतु जमीन, बांधकाम, पाटबंधारे आणि कापड या क्षेत्रांत जुनी मापे टिकून राहिली, कारण तिथले नकाशे, साचे, यंत्रे आणि भाव त्याच मापांत बसवलेले होते. माग इंचांत बांधलेला असेल, तर कायदा बदलला म्हणून त्याची फणी सेंटिमीटरची होत नाही. बार्शी लाइट रेल्वेचेही उदाहरण घेता येईल. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट होते. पुढे ते ७६२ मिलिमीटर असे लिहिले जाऊ लागले, त्या लिहिण्याने रूळ मात्र जागचे हलले नाहीत.

या ७६२ मध्ये एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. अडीच फूट म्हणजे ३० इंच, आणि ३० ला २५.४ ने गुणले की नेमके ७६२ येतात, मागे अपूर्णांक उरत नाही. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे आज अंदाजाने काढलेले माप नसून ती इंचाची व्याख्याच आहे. १९५९ मध्ये इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख देशांनी आपापसांत ठरवून यार्ड ०.९१४४ मीटरचा आणि पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅमचा केला. त्याआधी अमेरिकेचा यार्ड आणि ब्रिटनचा यार्ड यांत अत्यंत सूक्ष्म फरक होता. आता फुटाची स्वतंत्र पट्टी जगात कुठेही नाही. फूट म्हणजे मीटरचा ठरवून दिलेला एक तुकडा, ०.३०४८ मीटर. त्यामुळे रूपांतराचा मूळ गुणक अचूकच असतो, आणि उत्तरात चूक निघाली तर ती आपल्या मांडणीत किंवा पूर्णांक करण्यात शोधावी लागते.

आता मांडणीकडे वळू. १ फूट आणि ०.३०४८ मीटर ही एकाच लांबीची दोन नावे आहेत, म्हणून एकाला दुसऱ्याने भागले की उत्तर १ येते. आणि कोणत्याही मापाला १ ने गुणले तर माप बदलत नाही, फक्त त्याचे एकक बदलते. रूपांतराचे संपूर्ण शास्त्र एवढेच आहे. ४०० फूट खोल बोअर मीटरमध्ये हवी असेल, तर ४०० फुटांना ‘०.३०४८ मीटर भागिले १ फूट’ या अपूर्णांकाने गुणावे. वरचा फूट आणि खालचा फूट एकमेकांना छेदतात, मीटर शिल्लक राहतो, उत्तर १२१.९२ मीटर. हाच अपूर्णांक उलटा धरला, तर आकडा १३१२ येईल आणि एकक ‘फूट गुणिले फूट भागिले मीटर’ असे विचित्र काहीतरी उरेल. एकक लिहिलेले असेल तर ही चूक कागदावर लगेच दिसते; नुसते आकडे लिहिले असतील तर १३१२ हाही दिसायला बरा आकडा आहे. दुसरी पडताळणी त्याहून सोपी आहे: मोठ्या एककाकडे जाताना आकडा लहान झाला पाहिजे आणि लहान एककाकडे जाताना मोठा. मीटर फुटापेक्षा मोठा आहे, म्हणून मीटरचा आकडा ४०० पेक्षा कमीच यायला हवा.

लांबीपर्यंत सगळे सरळ असते, गोंधळ क्षेत्रफळापासून सुरू होतो. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट १२०० चौरस फूट असतो. तो चौरस मीटरमध्ये किती? पुष्कळ जण मीटरला ३.२८ फूट हे पाठ असल्यामुळे १२०० ला ३.२८ ने भागतात आणि ३६६ असे उत्तर सांगतात. प्रत्यक्षात ३० फूट म्हणजे ९.१४४ मीटर, ४० फूट म्हणजे १२.१९२ मीटर आणि त्यांचा गुणाकार १११.४८ चौरस मीटर. चौरस फुटात फूट दोनदा आहे, म्हणून गुणकही दोनदा लागतो. १ चौरस मीटर म्हणजे ३.२८०८ चा वर्ग, १०.७६४ चौरस फूट. घनफुटात फूट तीनदा येतो, म्हणून १ घनमीटर ३५.३१५ घनफुटांचा असतो.

दराचे रूपांतर करताना हीच दिशा उलटते, आणि घर घेणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे जागांच्या सरकारी दरपत्रकात, शहरी मिळकतींचे दर चौरस मीटरला दिलेले असतात, तर दलाल आणि विकणारे चौरस फुटाला भाव सांगतात. चौरस मीटरला २०,००० रुपये असा दर असेल, तर चौरस फुटाचा दर २०,००० भागिले १०.७६४, म्हणजे सुमारे १,८५८ रुपये होतो. क्षेत्रफळ चौरस मीटरमधून चौरस फुटात नेताना आपण १०.७६४ ने गुणले असते. दर नेताना भागले, कारण दरात चौरस मीटर छेदस्थानी आहे. एकके लिहून मांडणी केली, तर गुणायचे की भागायचे हे लक्षात ठेवावे लागत नाही.

सातबाऱ्यावर थोडे अधिक थांबायला हवे. तिथे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने लिहिलेले असते. १ आर म्हणजे १० मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्र, १०० चौरस मीटर. १०० आर मिळून १ हेक्टर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्र, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठे मिळून १ एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आता १,०८९ चौरस फुटांचे १०१.१७ चौरस मीटर होतात, म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखे आहेत, आणि या ‘जवळजवळ’मुळेच लोक दोन्ही एकच धरून चालतात. एखाद-दुसऱ्या गुंठ्यासाठी हे चालेल. परंतु ४० आर म्हणजे एक एकर असे धरून खरेदी ठरवली, तर ४० आरांत ४३,०५६ चौरस फूटच भरतात आणि एकराला पाचशे चौरस फुटांहून थोडी अधिक जागा कमी पडते. अचूक सांगायचे तर एक एकर ४०.४७ आरांचा असतो आणि एक हेक्टर २.४७१ एकरांचा.

त्याहून महाग पडणारी चूक दशांशचिन्हाची आहे. सातबाऱ्यावर १.२०.०० असे क्षेत्र असेल, तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे १.२० हेक्टर. हेक्टर आणि आर यांचे नाते शंभराचे असल्याने इथे बिंदूनंतरचे आकडे थेट दशांश म्हणून वाचता येतात. एकर आणि गुंठ्यांचे नाते मात्र चाळीसचे आहे. ‘१ एकर २० गुंठे’ हे कोणी कागदावर १.२० एकर असे लिहिले, तर त्याने ४८ गुंठे लिहिले. खरे क्षेत्र ६० गुंठे, म्हणजे १.५ एकर आहे. बारा गुंठ्यांचा हा फरक मोजणीत पडलेला नसून लिहिण्यात पडलेला आहे. म्हणून एकर-गुंठ्यांच्या हिशेबात सर्वांत आधी सगळे गुंठ्यांत आणावे आणि मगच पुढे जावे. वरचे १.२० हेक्टर घेतले तर ते २.४७१ ने गुणून २.९६५ एकर होतात. यातले २ एकर बाजूला ठेवून उरलेल्या ०.९६५ ला ४० ने गुणले की ३८.६ गुंठे मिळतात. म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे. जुन्या उताऱ्यांत गुंठ्याखाली आणेही दिसतात; १६ आण्यांचा एक गुंठा, म्हणून एक आणा ६८ चौरस फुटांच्या आसपास.

आता घनफळ. ब्रास, क्युसेक आणि टीएमसी ही तीन मापे तीन वेगवेगळ्या जगांतली वाटतात: पहिले वाळू-मुरमाच्या गाडीचे, दुसरे कालव्याचे, तिसरे धरणाचे. परंतु तिघांच्याही मुळाशी एकच घनफूट आहे, आणि १ घनफूट म्हणजे ०.३०४८ चा घन, ०.०२८३१७ घनमीटर, अर्थात २८.३१७ लिटर. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणून २.८३१७ घनमीटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून सेकंदाला २८.३१७ लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणून २८.३१७ दशलक्ष घनमीटर, किंवा सुमारे २,८३२ कोटी लिटर. तिन्ही ठिकाणी २, ८, ३, १, ७ हेच अंक फिरतात, फक्त दशांशचिन्ह सरकते. हा एक आकडा ध्यानात राहिला की तीन कोष्टके पाठ करण्याची गरज उरत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची आतली मापे १० फूट, ५ फूट आणि २ फूट असतील, तर काठोकाठ भरल्यावर ती बरोबर १ ब्रास होते. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल खड्ड्यातून ९ घनमीटर माती निघते, तिला २.८३१७ ने भागले की ३.१८ ब्रास होतात. उकरलेली माती सैल होऊन फुगते, त्यामुळे गाडीत ती याहून जास्त भरेल, पण तो प्रश्न एककांचा नाही.

उजनीचे आकडे सोलापूरकर दर पावसाळ्यात वाचतात, म्हणून त्यांचा हिशेब समजून घेणे इष्ट आहे. धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी आहे, तिला २८.३१७ ने गुणले की ३,३२० दशलक्ष घनमीटर मिळतात, आणि पाटबंधारे खात्याच्या तक्त्यांत ‘दलघमी’ म्हणून दिसतात ते हेच. यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रांत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, एकूण साठ्याची नाही. त्यामुळे शून्य टक्के म्हटले तरी धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असते, आणि ‘वजा ३० टक्के’ याचा अर्थ मृतसाठ्यातून ५३.५७ च्या तीस टक्क्यांइतके, म्हणजे १६.०७ टीएमसी पाणी कमी झाले आहे आणि ४७.५९ टीएमसी उरले आहे. टक्केवारी हेदेखील एक एककच आहे आणि ती कशाची हे कळल्याशिवाय तिचे रूपांतर करता येत नाही.

विसर्ग आणि साठा यांची गाठ काळाने बांधलेली असते. क्युसेक हा वेग आहे आणि टीएमसी हा साठा, म्हणून ‘किती क्युसेकचे किती टीएमसी’ या प्रश्नाला ‘किती वेळ’ हे समजल्याशिवाय उत्तर नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. समजा उजनीतून भीमा नदीत ६,००० क्युसेकने पाणी सोडले, तर एका दिवसात ६,००० गुणिले ८६,४००, म्हणजे ५१ कोटी ८४ लाख घनफूट पाणी वाहून जाईल, आणि ते ०.५२ टीएमसी भरेल. उलट हिशेबाने एका दिवसात १ टीएमसी पाणी जायला ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहावा लागतो. हा ११,५७४ आकडा लक्षात असला की नदीपात्रात विसर्ग वाढवल्याची बातमी वाचताना धरण किती दिवसांत किती उतरेल याचा अंदाज तोंडी बांधता येतो.

काही वेळा मात्र ज्याला आपण माप समजतो ते केवळ नाव असते, आणि नावाचे रूपांतर गणिताने होत नाही. शेतीच्या पाइपलाइनमध्ये ६३ मिलिमीटरच्या पाइपला दोन इंची म्हणतात, ७५ च्या पाइपला अडीच इंची आणि ९० च्या पाइपला तीन इंची. दोन इंचांचे मिलिमीटर ५०.८ होतात, ६३ नव्हेत; कारण ६३ हा पाइपचा बाहेरचा व्यास आहे आणि ‘दोन इंची’ हे आतल्या पोकळीवरून पडलेले जुने नाव. इथे गुणाकार करून पाइप मागवणाऱ्याला जोडणीच बसणार नाही. ब्रासही बोलण्यात दोन प्रकारचा असतो: वाळूचा ब्रास १०० घनफूट, तर गिलावा आणि रंगकामाचा ब्रास १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. तोळ्याचे दोन अर्थ तर घरोघरी आहेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफी बोलण्यातला १० ग्रॅमचा. आजीच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या खरोखर जुन्या मापाच्या असतील, तर त्या २३.३ ग्रॅम भरायला हव्यात. टन मेट्रिक असेल तर १,००० किलो, ब्रिटिश असेल तर १,०१६ आणि अमेरिकी असेल तर ९०७. गॅलनही ब्रिटिश ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकी ३.७८५ लिटरचा असतो. मोबाइलवरचे गणनयंत्र यातले कोणते माप घ्यायचे हे आपल्याला विचारत नाही, यादीत जे निवडले तेच ते धरते.

धान्य मापायची पायली आणि तिच्यासोबतचा मापी शेर (तराजूवरचा शेर वेगळा) ही आकारमानाची मापे होती, वजनाची नव्हती. ज्वारीची पायली आणि करडईची पायली यांचे किलो वेगळे येणार, आणि गावागणिक पायलीही सारखी नसे. म्हणून ‘एक पायली म्हणजे किती किलो’ याचे एकच उत्तर देणाऱ्या कोष्टकावर विश्वास ठेवू नये.

सोलापूरच्या मागांवर रूपांतराचा सर्वांत कसोटीचा प्रकार रोज घडतो, कारण सुताचा काउंट उलटा चालतो. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा काउंट. वीस काउंटच्या एका पौंडात १६,८०० यार्ड सूत असते. चाळीसच्या पौंडात त्याच्या दुप्पट लांबी, म्हणून ते सूत बारीक. मेट्रिक पद्धतीत जाडी टेक्सने मोजतात, म्हणजे १,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन. तिथे आकडा मोठा म्हणजे सूत जाड. एका पद्धतीत वजन ठरलेले आहे आणि लांबी मोजली जाते, दुसरीत लांबी ठरलेली आहे आणि वजन मोजले जाते, त्यामुळे एका आकड्याला गुणून दुसरा मिळत नाही. एक पौंड ४५३.५९ ग्रॅमचा आणि ८४० यार्ड ७६८.१ मीटरचे, भागाकार ०.५९०५ येतो आणि हजार मीटरसाठी ५९०.५. या ५९०.५ ला काउंटने भागले की टेक्स मिळतो: दहा काउंटचा ५९, वीसचा २९.५, चाळीसचा १४.८. वीस काउंटचे दोन पदर पिळून केलेले दोन-वीस सूत जाडीने दहा काउंटच्या जवळ जाते; टेक्समध्ये हे सांगायला २९.५ आणि २९.५ यांची सरळ बेरीज पुरते, काउंटमध्ये मात्र पदर वाढले की भागावे लागते.

तापमानातही असाच एक पेच आहे. सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट येतो, कारण दोन्ही मोजपट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या ठिकाणी आहे. मे महिन्यातले ४३ अंश सेल्सिअस म्हणजे १०९.४ अंश फॅरनहाइट. पण पारा ‘दोन अंशांनी’ वाढला, तर ती वाढ ३.६ अंश फॅरनहाइट होते. तिच्यात ३२ मिळवायचे नसतात, कारण फरक काढताना शून्य कुठे आहे याला महत्त्व राहत नाही.

राहता राहिला पूर्णांक करण्याचा प्रश्न. बोलताना मीटरला सव्वातीन फूट म्हणायला हरकत नाही, परंतु लांब हिशेबात मधल्या पायऱ्यांवर आकडा छाटू नये, सगळे अंक शेवटपर्यंत न्यावेत आणि शेवटी एकदाच पूर्णांक करावा. ३० बाय ६० इंचांचा, चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा टेरी टॉवेल घ्या. त्याची बाजू ७६.२ आणि १५२.४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ १.१६१३ चौरस मीटर, वजन ५२२.६ ग्रॅम, डझनाचे ६.२७ किलो, अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला सांगायचे तर डझनाला १३.८ पौंड. बाजू ७६ आणि १५२ धरल्या तर वजन ५१९.८ ग्रॅम येते, आणि दहा हजार टॉवेलांच्या मागणीत सुमारे २७ किलो सुताचा फरक पडतो. ऑर्डरवर ७५ बाय १५० सेंटिमीटर लिहिले असेल आणि कारखान्यात ते सवयीने ३० बाय ६० इंच समजून माग लावला गेला, तर फरक टॉवेलामागे १६ ग्रॅमांवर आणि त्याच मागणीत १६३ किलोंवर जातो. दशांशातले अंक किती ठेवायचे हे मालाच्या संख्येवरून ठरवावे लागते. एका टॉवेलासाठी ५२० ग्रॅम म्हटलेले चालते, कंटेनर भरताना नाही.